गुलाबी मेणबत्ती

डिसेंबर लागला की हॉस्टेलवर मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "मग, ख्रिसमसचा काय प्लॅन?" आणि दुसरा, "केक आणशील ना?" केक मी आणते. फर्स्ट इयरला आणला होता तो आमच्या मजल्याच्या अर्ध्या कॉरिडॉरमध्येच संपला आणि डबा धुतल्यासारखा चकचकीत होऊन परत आला. तक्रार नाही! पण हे प्रश्न ऐकून एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक मुलींच्या डोक्यात नाताळ म्हणजे पंचवीस तारीख. एक दिवस, एक केक, एक लाल टोपीवाला म्हातारा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जर्नल, सबमिशन, व्हायवा.

आमच्या घरी नाताळ चार आठवडे आधी सुरू होतो आणि त्या चार आठवड्यांत काहीच होत नाही. म्हणजे खरंच काही होत नाही, फक्त वाट पाहायची असते. याला आगमनकाळ म्हणतात, इंग्रजीत अ‍ॅडव्हेंट. ३० नोव्हेंबरच्या जवळचा जो रविवार असेल त्या दिवशी तो लागतो, आणि चर्चचं नवीन वर्षही त्याच दिवशी लागतं. मला लहानपणापासून याची गंमत वाटत आली आहे. नवीन वर्ष लागलं, आता करायचं काय? तर वाट बघत बसायचं!

या दिवसांत हिरव्या फांद्यांचं एक गोल कडं करतात आणि त्यावर चार मेणबत्त्या लावतात. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. ही पद्धत फार जुनी असेल असं मला वाटायचं, पण ती १८३९ ची आहे. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक पाद्री गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवायचे. ती मुलं डिसेंबर लागला की रोज विचारायची, किती दिवस राहिले, किती दिवस राहिले. शेवटी त्यांनी एक बैलगाडीसारख्या गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्या दिवसाला एक छोटी लाल आणि रविवारी एक मोठी पांढरी. मुलांना मोजायला काहीतरी मिळालं. आपल्याकडे परीक्षेआधी भिंतीवर पेन्सिलने दिवस खोडणाऱ्या मुली आहेतच, त्यांना हे सांगायची गरज नाही.

यंदा मी हॉस्टेलच्या खोलीत असं एक कडं केलं. विखर्नसाहेबांनी गाडीचं चाक वापरलं, मी सायकलची वाकडी रिम वापरली, जी कॉलेजच्या मागे दोन वर्षांपासून पडून होती. फांद्या कडुनिंबाच्या. मेणबत्त्यांना मात्र मॅडमनी सक्त मनाई केली (बरोबरच आहे, आमच्या खोलीत गाद्या, ड्रॉइंग शीट आणि सुकत घातलेले कपडे एवढंच असतं), त्यामुळे ब्रेडबोर्डवरच्या चार एलईडी लावल्या. तीन जांभळ्या मिळाल्या नाहीत म्हणून निळ्या, आणि एक गुलाबी. इलेक्ट्रिकल ब्रँचला असण्याचा एवढा तरी उपयोग.

गुलाबी का, हा प्रश्न रूममेटने विचारला. ती लाखांदूरकडची. खूप बोलत नाही, पण विचारते ते मुद्द्याचं विचारते.

आगमनकाळाचा रंग जांभळा. तो पश्चात्तापाचा, गंभीरपणाचा रंग समजतात. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी मेणबत्ती पेटवतात. त्या रविवारला लॅटिनमध्ये 'गाउदेते' म्हणतात, म्हणजे 'आनंद करा'. लक्षात घ्या, अजून काही झालेलं नाही. बाळ जन्मलेलं नाही, तारा दिसलेला नाही, एक मेणबत्ती अजून विझलेलीच आहे. आणि तरी सांगतात, आनंद करा. हा शब्द संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातून घेतला आहे. ते पत्र त्याने तुरुंगातून लिहिलं होतं, हातापायात बेड्या असताना. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हे पत्र शिकवलं होतं, पण तेव्हा तुरुंगाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आनंदाबद्दल इतकं लिहिणारा माणूस कोठडीत बसून लिहितोय, हे एकदा लक्षात आलं की ते पत्र पुन्हा वाचावंसं वाटतं.

रूममेट म्हणाली, "पण एवढी वाट कायले पाहून राहिले तुम्ही? तो तर दोन हजार वर्षाआधीच आला ना?"

मी थोडा वेळ गप्प बसले. प्रश्न बरोबर होता. तिच्या घरी त्या वेळी वेगळीच वाट पाहणं चालू होतं. धान कापून झालं होतं, पुंजणे लागले होते, मळणी झाली, खरेदी केंद्रावर पोती नेऊन टाकली, आणि आता चुकाऱ्याची वाट. आपल्या भंडारा जिल्ह्यात चुकारे या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: विकलेल्या धानाचे पैसे. ते खात्यात येईपर्यंत फी, किराणा, ताईचं बाळंतपण, सगळं 'चुकारे आले की'. तिचे बाबा फोनवर हेच म्हणायचे, आणि ती आमच्या मेसच्या बिलाबद्दल हेच म्हणायची. म्हणजे वाट पाहणं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यात आनंद कुठे असतो हे मात्र तिला कोणी सांगितलं नसावं. मला सांगितलं होतं, पण इंग्रजीत.

इंग्रजीत म्हणजे असं. आमच्या शाळेत डिसेंबरमध्ये कॅरल्सची प्रॅक्टिस व्हायची. सगळ्या गाण्यांत बर्फ. बर्फावरून घसरगाडी, पाइनची झाडं, शेकोटीजवळ टांगलेले मोजे. खिडकीबाहेर पाहावं तर शेतात तणसाचे ढीग आणि बांध्यांमध्ये लाखोरी उगवलेली. आम्ही घसा ताणून 'जॉय' म्हणायचो आणि तो 'जॉय' कुठल्यातरी थंड, लांबच्या देशात घडतो असं वाटायचं. सिस्टर फार प्रेमळ होत्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण आनंद या गोष्टीला माझ्या डोक्यात कित्येक वर्षं स्वेटर घातलेला होता!

तो स्वेटर उतरवला माझ्या आबांनी.

आबा म्हणजे माझे आजोबा. मूळचे नगरकडचे. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून लागले आणि बदली होत होत भंडारा रोड स्टेशनवर आले. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना माहीत आहे की भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. नवीन माणूस तिथे उतरून 'शहर कुठाय' असं विचारतो, त्याला ऑटोवाले मोठ्या आनंदाने शहर दाखवतात. आबांची नोकरी तिथेच संपली आणि मग आम्ही भंडाऱ्यात घर केलं. आबांचं घराणं प्रोटेस्टंट, माझी आई कॅथलिक घरातली. मेणबत्त्यांचं कडं आईबरोबर आलं, भजनं आणि टाळ आबांकडचे. दोघांचंही कधी भांडण झालं नाही, फक्त प्रार्थना जरा लांबायची.

आबांची एक आवडती गोष्ट होती. गाडी प्लॅटफॉर्मवर लागली की ते म्हणायचे, "पोरी, टिळक याच लाइनीनं गेले." मला वाटायचं लोकमान्य. नाही, हे दुसरे. नारायण वामन टिळक, मराठीचे कवी. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, तिथे नोकरीसाठी. नागपूरहून राजनांदगावला जाणारी लाइन आजही तीच आहे: भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड. त्या गाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा मिशनरी भेटला, कवितेवर आणि धर्मावर बोलणं झालं, आणि त्याने जाताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. वाचायला सुरुवात केली आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो डबा नेमका कुठे असताना पुस्तक दिलं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आबांचं मत ठाम होतं की वैनगंगेच्या पुलाच्या आसपास! रेल्वेच्या माणसाला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

पण आबांना खरं सांगायचं असायचं ते टिळकांबद्दल नसायचं, लक्ष्मीबाईंबद्दल असायचं. नववीच्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातात 'स्मृतिचित्रे' ठेवलं. मी इंग्लिश मीडियमची, इतकं मराठी वाचायची सवय नाही. पहिली वीस पानं अडखळत गेली आणि मग हसू यायला लागलं. वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी जे धुतल्यावर उरणारच नाही तेसुद्धा. वाचून मी एकटीच हसत होते. आणि हसता हसता लक्षात आलं की ही बाई जे सांगतेय ते सगळं दुःखाचं आहे. अकराव्या वर्षी लग्न. नवरा लहरी, घरात असलेलं कोणालाही देऊन टाकणारा, सांगितल्याशिवाय निघून जाणारा. आणि एक दिवस कळतं की नवऱ्याने धर्म बदलला. त्या काळात याचा अर्थ काय होतो हे आज आपल्याला कल्पनेने सुद्धा नीट कळणार नाही. नवरा जिवंत असून घर गेलं. पदरात लहान मुलगा. ती काही वर्षं नवऱ्यापासून लांब, नातेवाइकांकडे राहिली.

मग ती परत आली. धर्म बदलून आली नाही. नवरा ख्रिस्ती आणि ती हिंदू, तिचं पाणी वेगळं, तिचा स्वयंपाक वेगळा, अशी एकाच संसारात दोन घरं. आणि मग हळूहळू, कोणी उपदेश केला म्हणून नव्हे तर स्वतःशी विचार करत करत, तिच्या मनातून जातपात गळून पडली. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि १९१९ मध्ये ते गेले, काव्य अर्धवटच नव्हे तर सुरुवातीलाच राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, जिला लग्न झालं तेव्हा धड लिहितावाचता येत नव्हतं!

आबांचं म्हणणं असं की आगमनकाळ समजून घ्यायचा असेल तर ही पाच वर्षं वाचावीत, १८९५ ते १९००. दोघंही वाट पाहत होती. तो तिची वाट पाहत होता, ती कशाची वाट पाहतेय हे तिला तरी माहीत होतं की नाही देव जाणे. आणि तरी त्या पानांवर सुद्धा ती विनोद करते. "ती हसते ना, ती गुलाबी मेणबत्ती," असं आबा म्हणायचे. मला तेव्हा ही तुलना जरा ओढूनताणून वाटली होती. आता वाटत नाही.

याच्याही खूप आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या जेझुइटाने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत छापलं होतं. माणूस जन्माने इंग्रज. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली पुराणं ऐकायची सवय, ती सुटली तर त्यांना चैन पडेना, म्हणून त्याने येशूची गोष्ट पुराणासारखी सांगितली. म्हणजे जो इंग्रज होता तो मराठीत ओव्या रचत होता, आणि मी भंडाऱ्याची, इंग्रजी बर्फावर घसरत होते. असो.

आमच्या घरच्या गव्हाणीत बर्फाचा कापूस कधीच नसतो. तणस असतं, नवीन धानाचं, त्याला एक गोडसर वास येतो. मेंढ्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, उंटाचा एक पाय फेव्हिकॉलने चिकटवलेला. बैल मात्र माझ्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे, जो मरियेपेक्षा दुप्पट मोठा दिसतो. कोणीही पाहुणा आला की आधी नंदीकडे बघतो, मग बाळाकडे. मेंढपाळांच्या जागी आबा लहानपणी मला सांगायचे, दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन नाचणारे गोवारी आठव. बातमी सगळ्यात आधी त्यांना मिळाली. राजवाड्यात नाही, देवळात नाही, रात्रपाळीला जनावरं राखणाऱ्यांना. आबा स्वतः आयुष्यभर रात्रपाळी केलेले, त्यामुळे गोष्टीचा हा भाग ते जरा जास्तच रंगवायचे.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. मी तेव्हा शाळेत होते, शाळा मोबाइलवर चालू होती. सकाळी आई ओट्याजवळ उभी राहून रडत होती आणि तिला काय झालं हे विचारायची हिंमत होत नव्हती. बाहेर आमचा तारा अजून टांगलेलाच होता. सहा जानेवारीला मागी लोकांचा सण झाला की तो उतरवायचा, पण करोनाच्या त्या वर्षी सगळंच ढिलं पडलं होतं आणि आबा म्हणाले होते रविवारी काढू.

मी त्यांना म्हटलं, आबा, तारा काढा. मला तो बघवत नव्हता. बाळ जन्मल्याचा तारा, आपल्याच गावात, त्याच दिवशी.

आबांनी तो काढला नाही. ते खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसले आणि म्हणाले, "गोष्ट पुरी वाचलीस का तू?" मग त्यांनी मत्तयाचं शुभवर्तमान काढलं. नाताळच्या गोष्टीचं हे पान कार्डांवर छापत नाहीत. मागी लोक निघून गेल्यावर हेरोद राजा बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारायला लावतो. चर्चमध्ये त्या बाळांचा दिवस पाळतात, २८ डिसेंबरला. म्हणजे नाताळनंतर बरोबर तीन दिवसांनी, गव्हाण अजून मांडलेली असताना, केक अजून डब्यात असताना. शाळेत सिस्टर त्या दिवसाचं नाव सांगायच्या, पण तेव्हा नाताळची सुट्टी चालू असायची, म्हणून तो दिवस मला कधी भेटलाच नव्हता.

आबांनी मला काही समजावलं नाही. देवाने असं का होऊ दिलं, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही आणि दिलं असतं तर मला राग आला असता. संध्याकाळी त्यांनी ताऱ्याचा दिवा लावला आणि तिथेच बसून राहिले. शेजारचे दोघं-तिघं येऊन त्यांच्याजवळ बसले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांनी ठरल्याप्रमाणे तारा उतरवला, कागद पुसला आणि माळ्यावर ठेवला.

त्या दिवसापासून माझं एक मत झालं आहे आणि ते अजून बदललेलं नाही. त्या दहा आयांसमोर उभं राहून जो आनंद बोलता येणार नाही, तो मला नको. 'मेरी ख्रिसमस' मधला जो 'मेरी' आहे तो त्यांच्यासमोर बोलता येत नाही. 'वाट पाहतोय' हे कदाचित बोलता येईल. रूममेटच्या प्रश्नाला माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते इथून येतं. तो आला, हे आम्ही मानतो. पण सगळं नीट झालेलं नाही, हे आम्हालाही दिसतं. म्हणून दर वर्षी पुन्हा पहिल्या मेणबत्तीपासून सुरुवात. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तर आमचंच बरं, आमचे चुकारे वर्षातून एकदा तरी येतेत." आणि आम्ही दोघी हसलो.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आबा गेले. आजार मोठा नव्हता, वय होतं. चर्चच्या कब्रस्तानातून आलो तेव्हा धान कापणी चालू होती.

आणि मग आगमनकाळ लागला. आपल्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. हे काही फक्त हिंदू घरांत नाही, आमच्यातही आहे. धर्म बदलला तरी शेजार आणि रीत कुठे बदलते! बाबा म्हणाले, यंदा तारा नाही, गव्हाण नाही, काही नाही. ते फार बोलत नाहीत, म्हणून ते बोलले की तो निर्णय असतो. आईने पहिल्या रविवारी कडं काढलं आणि एक मेणबत्ती लावली. बाबा काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या रविवारी दोन. मी तेव्हा घरी नव्हते, आमचे प्रॅक्टिकल चालू होते, हे सगळं आईने फोनवर सांगितलं. तिसऱ्या रविवारी मी घरी होते.

बाबा म्हणाले, "आज ती नको लावूस." गुलाबी. जांभळ्या चालतील, ती नको. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, खरं सांगते. बापाला जाऊन महिना झाला नाही आणि घरात आनंदाची मेणबत्ती कसली लावायची?

आई म्हणाली, "आबा असते तर कोणाची लावली असती?"

यावर कोणीच काही बोललं नाही. मग तिने तिसरी मेणबत्ती लावली आणि नेहमीची प्रार्थना म्हटली. बाबा उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, झालं, आता जेवणाला बसणार नाहीत. आतून माळ्यावरचे डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तारा होता. बांबूच्या कामट्यांचा, आबांनी स्वतः बांधलेला, दरवर्षी फक्त पतंगी कागद नवीन लागायचा. कागद एका बाजूने उंदराने खाल्ला होता. आतली वायर तर मी बघितली आणि मला धडकी भरली, इन्सुलेशन जागोजाग तडकलेलं. इतकी वर्षं आबांनी तो तसाच कसा लावला देव जाणे! मी नवीन होल्डर लावला, नवीन टू-कोअर वायर ओढली, चाळीस वॉटच्या जागी नऊ वॉटचा एलईडी. बाबांनी स्टूल धरलं. फाटलेल्या जागेवर आईने जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला, त्यातून अर्धा जुलै महिना दिसत होता.

आम्ही फराळ मात्र केला नाही. तेवढी रीत पाळायची असं आईनेच ठरवलं. करंज्या नाहीत, शेव नाही, केक नाही.

चोवीस तारखेला संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. आबांच्या वेळी रोज सकाळी त्यांचा पेपर आधी आमच्याकडे यायचा आणि मग त्यांच्याकडे जायचा, यावरून त्यांची आणि आबांची वीस वर्षं लुटुपुटूची भांडणं चालायची. हातात स्टीलचा मोठा डबा. "तुमच्या घरी यंदा कढई नाही चढणार, मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून मी करून आणल्या." दुःखाच्या घरी सणाचा फराळ शेजाऱ्यांनी न्यायचा, ही आपली जुनी रीत. दिवाळीत कितीतरी घरी आईनेच असे डबे नेले आहेत. पण नाताळचा फराळ कोणी आमच्या घरी असा आणेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंनी आमच्याकडे खाऊन खाऊन आईची करंजी बरोबर ओळखली होती: आत खसखस, वेलदोडा जरा जास्त.

त्या गव्हाणीजवळ बसल्या (गव्हाणही शेवटी मांडली होती, नंदीसकट) आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नंदीकडे बघून म्हणाल्या, "हा जरा मागे सरकवा ना, लेकराले वारा लागू देत नाही तो." बाबा मोठ्याने हसले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता त्यांना रडू आलं, तेही नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच, कारण कब्रस्तानात ते रडले नव्हते. काकू पदराने डोळे पुसत बसल्या आणि आई चहा ठेवायला उठली.

जाताना डबा रिकामा कसा द्यायचा, हा प्रश्न आला. घरात केलेलं तर काही नव्हतं. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यात सहा संत्री ठेवली. काकूंनी झाकण लावलं, फाटकापाशी थांबून वर ताऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "एका बाजूनं हे काय लिहिलं आहे? जुलै?"